कणकेचे भाजके मसाला चिप्स : आधी काटा शोधून ठेवा

मागच्या दिवाळीत तळणाला फाटा देऊन कणकेचे मसाला चिप्स ओव्हनमध्ये भाजण्याचा घाट मी घातला होता. दहाव्या मिनिटाला काचेआड ते टम्म फुगलेले दिसले, तेव्हा क्षणभर मला आनंदच झाला. पण बाहेर काढल्यावर वरचा पापुद्रा करपलेला आणि खालचा भाग गार पोळीसारखा चिवट निघाला. पाहुण्यांनी ते निमूटपणे चहात बुडवून खाल्ले. चूक एकच होती, लाटलेल्या पोळीला मी टोचे मारले नव्हते. म्हणून या वेळी कणीक काढण्याआधीच जेवणाचा काटा ओट्यावर आणून ठेवावा.

साहित्याची जमवाजमव अवघड नाही. अडीचशे ग्रॅम कणीक, कुरकुरीतपणासाठी दोन मोठे चमचे बारीक रवा, एक छोटा चमचा मीठ, दीड छोटा चमचा लाल तिखट, हळद, हिंग, तीळ, आणि तळहातावर चुरडलेला ओवा. तिखट कणकेतच मिसळावे. वरून भुरभुरले तर ते भाजताना जळते आणि ठसका लागतो. मोहनासाठी तीन मोठे चमचे तेल कोमट करून पिठाला नीट चोळावे आणि मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका वळतो की नाही, ते पाहावे. मोहन कमी पडले तर चिप्स दगडासारखे होतात. पाणी मात्र हात आखडून घालावे, कारण कणीक पुरीच्या कणकेसारखी घट्टच हवी. शंभर मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे, तेही सगळे लागेलच असे नाही. मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, नाहीतर लाटलेली पोळी आक्रसते.

लाटताना घडी घालू नये. पोळीला आपण घडी घालतो ती पदर सुटावेत म्हणून, आणि इथे तर पदर सुटायलाच नको आहेत. पापडापेक्षा किंचित जाड, सगळीकडे सारखी लाटावी. मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर कडा जळतात आणि मध्य कच्चा राहतो.

आता काटा. कणकेतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती दोन पापुद्रे वेगळे करते. वरचा पातळ पापुद्रा लगेच जळतो आणि खालच्यापर्यंत आच पुरेशी पोहोचत नाही. खाकरा तव्यावर दट्ट्याने दाबत भाजतात तो याचसाठी. ओव्हनमध्ये दाबायला कोणी बसलेले नसते, म्हणून टोचे आधीच मारावे लागतात. बोटाबोटाच्या अंतरावर, काट्याची टोके खाली पोळपाटाला टेकतील इतके खोल टोचावे. वरवर उमटवलेली नक्षी उपयोगाची नाही. कातण्याने शंकरपाळ्यांसारखे चौकोन कापून झाले की प्रत्येक तुकड्याला किमान तीन-चार भोके पडली आहेत ना, हे पाहावे. न टोचलेला तुकडा फुगणार, यात शंका नको. टोचून झाल्यावर ट्रे ताटकळत ठेवू नये. कणीक सैल असेल तर भोके बुजतात.

दरम्यान ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटे तापवून घ्यावा. ट्रेवर बटर पेपर घालावा, तुकडे एकमेकांना चिकटू देऊ नयेत, वरून तेलाचा हलका हात फिरवावा. एकूण बारा ते चौदा मिनिटे पुरतात, आठव्या मिनिटाला तुकडे उलटावेत. शेवटची दोन मिनिटे ओव्हनसमोरून हलू नये. फोन आला तर वाजू द्यावा. कडा बदामी झाल्या की काढावेत. मध्यभाग किंचित मऊ लागला तरी चालेल, गार होताना तो कडक होतो. तरीही नरम राहिलेच तर १५० अंशांवर आणखी पाच मिनिटे.

जाळीवर पूर्ण गार करावेत, मगच डब्यात. कोमट भरले तर सादळतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रेच्या वेळी हात दुखू लागतात आणि टोचण्याचा कंटाळा येतो. त्याही पोळ्या टोचाव्यात.