नायट्रो ट्रकचं इंजिन ट्यून कसं करावं: मराठवाड्याच्या उन्हाथंडीचा हिशोब धरून

रिमोटवरचा नायट्रो ट्रक, म्हणजे खऱ्या छोट्या इंजिनावर पळणारा मॉडेल ट्रक, सकाळी झकास पळतो आणि दुपारी घुटमळायला लागतो, तेव्हा बहुतेक जण आधी ग्लो प्लग (इंधन पेटवणारा, लाल तारेचा प्लग) बदलतात. प्लग बिचारा निर्दोष असतो, बदललेली असते हवा. 10 अंशांच्या थंडीत ठरावीक जागेत जेवढी हवा मावते, त्यापेक्षा 42 अंशांच्या उन्हात सुमारे 10 टक्के कमी मावते. परभणीकडं डिसेंबरात पहाटे पारा 10 च्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी तिशीला टेकतो. एकदा सेट केलं आणि वर्षभर विसरलं, असं या इंजिनाशी जमत नाही.

या इंजिनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं एकत्र इंधन जातं. ऑइलची वेगळी सोय नाही, इंधनासोबत येईल तेवढंच तेल पिस्टनला मिळतं. इंधन जास्त झालं तर इंजिन रिच, कमी पडलं तर लीन. रिच इंजिन धूर ओकतं, आळसावतं, पण टिकतं. लीन इंजिन आधी भन्नाट पळतं, मग तापून पिस्टन धरतं. शंका आली की रिचच्या बाजूला राहायचं. इंधन संपलं म्हणून पेट्रोल ओतून बघू नका. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलमुळंच लाल राहते, पेट्रोलवर ती विझते.

स्क्रूला हात लावण्याआधी

एअर फिल्टर बघा. काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि सुक्या फोममधून सरळ आत जाते. फोम धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल चोळून बसवा. शक्यतो मुरमाच्या मैदानावर चालवा. मे महिन्यात पाझर तलावाचा कोरडा तळ पळवायला मोह घालतो खरा, पण तिथली माती इंजिन खाते.

मिथेनॉल विषारी आहे, हाताला लागलं तर धुवा. पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही, म्हणून ओलं गोणपाट जवळ असू द्या.

इंजिन नवं असेल तर पहिल्या चार-पाच टाक्या रिच ठेवूनच जिरवा. ट्यूनिंग त्यानंतर.

तीन स्क्रू, त्याच क्रमानं

कारबोरेटरवर हाय स्पीड नीडल (पूर्ण वेगातलं इंधन ठरवते), लो स्पीड नीडल (कमी वेगातलं) आणि आयडल स्क्रू (ट्रिगर सोडल्यावर इंजिन जागेवर किती वेगानं चालावं ते ठरवतो) असतात. दोन्ही नीडल घड्याळाच्या दिशेनं आवळल्या की लीन, उलट फिरवल्या की रिच. कुणी आधी उलटसुलट पिळून ठेवलं असेल तर माहितीपुस्तिकेतल्या कंपनी सेटिंगवर आणा आणि तिथून सुरुवात करा. इंजिन सुरू करून पाचेक मिनिटं मध्यम वेगानं फिरवा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग फुकट जातं.

आधी हाय स्पीड. मोकळ्या सरळ पट्ट्यावर रिमोटचा ट्रिगर पूर्ण ओढा. मागं निळसर धुराची बारीक रेघ हवी. धुराचे लोट आणि गुडगुडणारा आवाज असेल तर रिच आहे, आठवा हिस्सा फेरा आवळा. त्याहून जास्त एकदम नाही. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन चकरा मारा, कारण फरक कळायला वेळ लागतो. धूर दिसेनासा झाला किंवा शेवटी-शेवटी आवाज तुटायला लागला तर लगेच पाव फेरा सैल करा. टॉप स्पीड अजून थोडा वाढेल असं वाटतं ना, तिथंच थांबा.

मग लो स्पीड. इथं सगळ्यात भरवशाची परीक्षा चिमटीची. गरम इंजिन आयडलवर ठेवा आणि इंधनाची नळी कारबोरेटरजवळ दोन बोटांत दाबून धरा. दोन-तीन सेकंद चालून, आवाज किंचित चढून बंद पडलं तर बरोबर. दाबताक्षणी गप्प झालं तर लीन. पाच-सहा सेकंद रेंगाळत राहिलं तर रिच. दुसरी खूण पिकअपची: दहाएक सेकंद आयडलवर ठेवून ट्रिगर एकदम ओढा. धूर सोडत अडखळत उचललं तर रिच, आवाज चढून पटकन बंद पडलं तर लीन. लो स्पीड बदलली की हाय स्पीडवर एकदा परत नजर टाका.

आयडल स्क्रू सगळ्यात शेवटी. ट्रिगर सोडल्यावर चाकं फिरू नयेत आणि इंजिन बंदही पडू नये, एवढंच.

तापमानाची खात्री

पळवून आणल्या-आणल्या ग्लो प्लगच्या बुडाशी तापमान मोजा. 95 ते 125 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. करोनाच्या वेळी घरोघरी आलेली कपाळावरची गन इथं निरुपयोगी, ती पंचेचाळिशीच्या आत-बाहेरच थांबते. वेल्डिंग-मशिनरीच्या दुकानातली इन्फ्रारेड गन घ्या. आकडा चांगला पण धूर नाही, असं झालं तर धुरावर विश्वास ठेवा.

आता हवेचा हिशोब. उन्हं चढली की इंजिन आपोआप रिचकडं जातं, थोडं आवळावं लागतं. पण 42 अंशांत इंजिनाला गारही व्हायचं असतं, म्हणून आकड्याकडं बघत आवळा. खरा धोका उलट्या बाजूनं येतो. दुपारी आवळलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी पहाटे लीन ठरतं, म्हणून थंडीत सुरू करण्याआधी हाय स्पीड पाव फेरा सैल करा आणि नव्यानं या. पावसाळ्याच्या दमट हवेत थोडंसं आवळावं लागतं. नांदेडहून लातूरला गेलात तर उंचीचा फरक साधारण पावणेतीनशे मीटर. त्यापेक्षा घड्याळातला फरक जास्त भोवतो.

बंद करताना

उरलेलं इंधन टाकीत ठेवू नका, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बेअरिंगला गंज चढतो. टाकी रिकामी करा, नळीत उरलेलं इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडू द्या, कारबोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे (गंज टाळायला बंद केल्यावर सोडायचं तेल) चार थेंब सोडा आणि फ्लायव्हील हातानं फिरवा. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, वरच्या बाजूला निमुळती असते, गार होताना पिस्टन तिथं अडकून बसतो, म्हणून फ्लायव्हील पिस्टन खाली येईल अशा जागी ठेवा.