कौल, अवसर आणि प्रेम : वैरी घराण्यांची गूढ प्रेमकथा कशी लिहावी

अतींद्रिय शक्ती असलेली दोन घराणी, त्यांचे जुने वैर, त्यात अडकलेले दोन तरुण जीव आणि मधोमध न उलगडलेला गुन्हा. अशी कथा लिहावी असे अनेकांना वाटते आणि बऱ्याच जणांची ती पहिल्या काही प्रकरणांतच अडते. ज्याला सगळे दिसते त्याला गुन्हेगारच का दिसत नाही, याचे उत्तर त्यांनी आधी शोधलेले नसते. म्हणून सुरुवात प्रेमापासून करू नका आणि प्रेतापासूनही करू नका. शक्तीला काय जमत नाही, ते सर्वांत आधी कागदावर लिहा.

पहिले काम : शक्तीची हद्द

यासाठी काचेचा गोळा किंवा पत्ते आणायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे देव आणि मानपान यांभोवती चालणाऱ्या गावाच्या रूढ व्यवस्थेत, दोन रीती तयार आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी अपुऱ्या आहेत.

एक कौल. देवाच्या पाषाणाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या, पाने किंवा तांदूळ चिकटवतात, गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतात आणि कुठल्या बाजूचे आधी पडते ते पाहतात. सर्वसाधारणपणे उजवा म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. गावागणिक रीत थोडी बदलते, पण मर्म तेच राहते: कौल फक्त विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

दुसरा अवसर, म्हणजे अंगात देव येणे. अवसर आलेला माणूस भरल्या देवळात बोलतो. शुद्धीवर आल्यावर आपण काय बोललो ते त्याला आठवत नाही, असे मानतात.

आता नायिकेचे घर कौलाचे आणि नायकाचे घर अवसराचे ठेवा. तिला विचारता येते, पण उत्तर हो किंवा नाही एवढेच मिळते. तो सगळे सांगतो, पण त्याचे त्यालाच ते माहीत नसते. एकमेकांशिवाय दोघांचेही अर्धेच राहते. प्रेमकथेला याहून भक्कम पाया मला तरी सुचत नाही.

वैर हाताला लागणारे हवे

‘पिढीजात शत्रुत्व’ एवढे लिहून भागत नाही. कोकणात भांडण मानाचे असते: पालखीला खांदा आधी कुणी द्यायचा, गाऱ्हाणे कुणी घालायचे, नारळ कुणाच्या हातचा. शिमग्याच्या पालखीवरून पोलीस बंदोबस्त लागल्याच्या आणि देऊळ बंद राहिल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असा एक नेमका मान निवडा आणि त्यापायी कुणाचे काय गेले ते ठरवा. वैरातून कुणाला तरी आजही फायदा होत असला पाहिजे. ते नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

गुन्हा आणि रात्र

जत्रेची रात्र घ्या. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू होतो, दशावतार पहाटेपर्यंत चालतो, घरे ओस पडतात. रंगवलेल्या चेहऱ्यामागे कोण आहे ते लांबून ओळखू येत नाही. अशा रात्री नायिकेचा काका नाहीसा होतो.

घरच्यांनी कौल लावला, ‘तो गावात परत येईल का?’ पाकळी डावीकडून पडली. गावाने अर्थ काढला की माणूस मेला आणि संशय वैऱ्यांवर गेला. कौल खरा होता, चुकला तो प्रश्न. वाचकाला हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात जसाच्या तसा वाचायला द्या, काहीही लपवू नका.

उकल कागदाने करा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शक्तीने दिशा दाखवावी, पुरावा मात्र कुणालाही तपासता येईल असा असावा. देवाने नाव सांगितले आणि गुन्हेगार सापडला, तर वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

महसुली कागद इथे फार कामाचे. सामाईक जमिनीतला काकाचा हिस्सा विकला गेल्याचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची महसुली नोंद, सापडतो आणि त्यामागच्या खरेदीखतावर सही, अंगठा त्याचाच, पण तारीख तो नाहीसा झाल्यानंतरची. म्हणजे तो तेव्हा जिवंत होता. फेरफाराआधी हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. मग ती नोटीस घरात कुणी घेतली आणि कुणी दडवली? इथे वर लक्षात ठेवलेले नाव येऊ द्या: नायिकेचे स्वतःचे आजोबा. वैर विझले असते तर त्यांचा मान उरला नसता. 7 वर्षे ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मृत धरू शकतो. ती मुदत कथेत टांगती ठेवा, म्हणजे घाई आपोआप येते.

प्रेम कुठे ठेवायचे

तपासाच्या आत. अवसरात असताना नायक तिच्याबद्दल काही बोलून जातो. सगळे देऊळ ऐकते, तीही ऐकते. सकाळी ते माहीत नसलेला गावात एकटा तोच. ती त्याला सांगेल का? आणि देवाने बोललेले त्याचे स्वतःचे म्हणायचे का? या प्रसंगाला दोन-तीन पाने तरी द्या. पुढे ती त्याच्याविषयी कौल लावायला बसते आणि प्रश्न न विचारताच उठते. तिला होकार पाषाणाकडून नको, त्याच्या तोंडून शुद्धीत हवा आहे.

कायदा आणि जबाबदारी

महाराष्ट्रात 2013पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर तो आला, हे विसरून या विषयावर लिहू नये. अंगात संचार झाल्याचे भासवून फसवणूक करणे किंवा भीती घालणे आणि एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. कथेत याचा वापर करा: एक घराणे दुसऱ्याविरुद्ध तक्रार देऊ शकते. पण एखाद्या विधवेला किंवा एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून रहस्य सोडवू नका. अशा संशयापायी खरी माणसे मारली गेली आहेत.

शेवटचा हात

गाऱ्हाण्यातला ‘व्हय म्हाराजा’चा घोष कानाने ऐकून लिहा, एखाद्या जत्रेत उभे राहा. संवाद मालवणीत असतील तर ते त्या भागातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. मग पहिल्या प्रकरणातला कौलाचा प्रश्न आणि शेवटची उकल शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहा. मधल्या कुठल्याही प्रकरणात तुम्ही ठरवलेल्या हद्दीपलीकडचे कुणाला दिसले असेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहा.