शेतकऱ्यांचे गट पाडताना या चुका टाळा

सोयाबीन कोण पेरतो, ऊस कोण लावतो आणि रान पडीक कोण टाकतो, हे समजून घ्यायचं तर शेतकऱ्यांचे प्रकार पाडावेच लागतात. गावाचा आराखडा असो की कॉलेजचा प्रबंध. मी बीड-जालन्याकडच्या गावांत हे काम केलंय आणि खालच्या बहुतेक चुका स्वतः केल्यात.

सातबारा पाहून गट पाडणं

१ हेक्टरच्या आत अत्यल्पभूधारक, १ ते २ हेक्टर अल्पभूधारक, १० च्या वर मोठा, ही सरकारी वर्गवारी. अनुदान वाटायला ठीक आहे. पण पेरणीच्या वेळी डोक्यात काय चालतं ते त्यातून कळत नाही.

आमच्या यादीत एक काका होते, दोन एकरवाले, म्हणून अत्यल्पभूधारक. बांधावर गेलो तर पाच एकर सोयाबीन उभं, वर दोन एकर मोसंबी. "मोसंबी माझी. तीन एकर पुण्याच्या भावाचं, दोन बटईनं," काका म्हणाले. मग बटईच्या रानात तूर का नाही? "तूर संक्रांतीपर्यंत रानात राहते. सोयाबीनचा हिशेब दिवाळीआधी मिटतो. पुढच्या साली रान माझ्याकडं राहील का, कुणी सांगावं?" बटई म्हणजे दुसऱ्याचं रान पिकातल्या वाट्यावर करणं. एकाच माणसाचे दोन निर्णय, आणि फरक पाडला तो रान कुणाचं याने.

उलटंही होतं. ८-अ चा उतारा, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीची नोंद, गावापुरता असतो. दोन गावांत जमीन असलेला माणूस दोन्हीकडे लहान दिसतो. वडील वारून दहा वर्षं झाली तरी वारसाचा फेरफार झालेला नसतो, ते वेगळंच.

म्हणून "जमीन किती?" असं विचारू नका. "यंदा किती रान करताय? त्यात स्वतःचं किती, भावकीचं किती, बटईचं किती, ठोक्याचं (ठरलेल्या रकमेवर घेतलेलं) किती?" असं विचारा.

"विहीर आहे: होय/नाही"

हा रकाना फाडून टाका. मराठवाड्यात विहीर असणं आणि पाणी असणं या दोन गोष्टी आहेत. पाणी कुठवर पुरतं ते सणांवर विचारा, लोक लगेच सांगतात. दिवाळीलाच आटत असेल तर तो खरिपावरच जगतो. संक्रांतीपर्यंत पुरलं तर हरभऱ्याला एखादं-दुसरं पाणी मिळतं. होळीपर्यंत टिकलं तर गहू निघतो. मृगापर्यंत उपसा चालला तर ऊस, मोसंबी. आमच्याकडे एवढ्या एका प्रश्नाने एकरांपेक्षा स्वच्छ गट पडले.

शिवाय उत्तर एकाच सालाचं घेऊ नका. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली. तेव्हाचा बागायतदार पुढं कापसावर आला. बऱ्या पावसाचं साल आणि वाईट साल, दोन्ही विचारा.

डिसेंबरात सर्वेक्षण

बीडच्या कित्येक गावांत तेव्हा दारांना कुलपं असतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्यांवर गेलेली असतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आम्ही "घर बंद" लिहून पुढं सरकलो आणि एक अख्खा प्रकार हरवला. रब्बीला हात नाहीत म्हणून ज्यांचं रान मोकळं राहतं, तेच हे लोक. मे महिन्यात परत जावं लागलं.

संगणकाने पाडलेले गट विचित्र दिसतात

आधी आकडे तपासा. एकर २-४, शेळ्या ५-६ आणि उत्पन्न मात्र लाखो रुपये, असं जसंच्या तसं टाकलं तर गट फक्त पैशांवरून पडतात. सगळे आकडे एका मापावर आणून मगच चालवा. शंभर-सव्वाशे घरांचे बारा प्रकार निघाले तर तेही निरुपयोगी. चार ते सहा पुरे.

आणि कृपा करून कुठल्याही गटाला "प्रगतशील" म्हणू नका. त्याच्याकडे पाणी असतं, एवढंच बहुतेकदा.

गट बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

संध्याकाळी पारावर बसा. नावं न घेता एकेका गटाचं वर्णन वाचा आणि असा माणूस गावात कोण, ते विचारा. आमच्या पहिल्या तीन गटांना धडाधड नावं आली. चौथ्याला सगळे गप्प. मग एक मावशी म्हणाल्या, "ह्ये तर दोन माणसं जोडून एक केलंय." वही उघडून पाहिलं. बटईदार आणि भावाचं रान सांभाळणारे आम्ही एकाच ओळीत कोंबले होते. भावाच्या रानात लोक विहीरसुद्धा पाडतात. बटईच्या रानात साधा बांधही कुणी घालत नाही.