महाविद्यालयात दुचाकी सुरक्षेची मोहीम कशी राबवावी

खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावात शिकायला येणारे अनेक विद्यार्थी दुचाकी वापरतात. भुतरामहट्टीचे राणी चन्नम्मा विद्यापीठ तर महामार्गालगतच आहे. सभागृहातली व्याख्याने टाळ्यांवर संपतात, म्हणून मोहीम पार्किंगपासून सुरू करावी.

प्रथम आठवडाभर सकाळी फाटकाजवळ दोघांनी उभे राहून नोंद ठेवावी : हेल्मेट किती जणांच्या डोक्यावर, किती जणांच्या आरशाला, मागे बसलेल्याने घातले आहे का, ट्रिपल सीट किती. गाडीचे क्रमांक लिहू नयेत, नाहीतर मुले तुम्हाला पोलिसांचे खबरे समजतील आणि मागच्या फाटकाने येऊ लागतील.

नंतर हेल्मेट न वापरण्याची कारणे विचारावीत. वर्गात ते ठेवायचे कुठे, ही अडचण खरी असते. तेव्हा प्राचार्यांकडे आधी हेल्मेट ठेवायला मांडणी आणि टोकनची व्यवस्था मागावी, नियमाची सक्ती त्यानंतर.

प्रात्यक्षिकात सर्वाधिक वेळ पट्ट्याला द्यावा. हेल्मेट घालून पट्टा मोकळा सोडण्याची सवय इकडे फार आहे, आणि असे हेल्मेट आपटताक्षणी निसटते. पट्टा आवळल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जावीत, आणि मागून वर ढकलले तरी हेल्मेट डोक्यावरून सरकू नये. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस 4151 हा क्रमांक आहे का, हेही तपासायला शिकवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 पट्टा बांधण्याचीही अट घालते, तीही चालवणारा आणि मागे बसलेला अशा दोघांसाठी.

गळीत हंगामात वेगळे सत्र घ्यावे, कारण आपल्या भागातला खरा धोका संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे अनेकदा ना दिवा असतो, ना परावर्तक पट्टी. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे ट्रॉली दिसून ब्रेकवर बोट पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. प्रॅक्टिकल उशिरा सुटणार असेल, तर वेग समोरच्या दिव्याच्या टप्प्याइतकाच ठेवावा आणि दप्तराला परावर्तक पट्टी चिकटवावी. कारखान्याच्या आवारात जाऊन ट्रॉल्यांना अशा पट्ट्या लावणे हा एनएसएसच्या स्वयंसेवकांसाठी मिरवणुकीपेक्षा अधिक उपयोगी कार्यक्रम ठरेल.

अपघातग्रस्ताचे हेल्मेट ओढून काढू नये आणि 112 वर फोन करावा. सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतील कलम 134अ संरक्षण देते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

महिन्याने त्याच फाटकाजवळ, त्याच वेळी पुन्हा मोजणी करून दोन्ही वेळचे आकडे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सूचनाफलकावर लावावेत.