रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ आले? ताट आणि पावले अशी बदला

उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९. यांतला एक जरी आकडा आला तरी तो पूर्वमधुमेह, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, धरतात. रिपोर्ट घरी येतो, चहातली साखर बंद होते आणि सगळे निर्धास्त होतात. इथेच चुकते. पुण्यातल्या घरात रक्तातली साखर वाढवणारा मोठा वाटा साखरेच्या डब्यातून येत नाही. तो पोळी, भात, पोहे, साबुदाणा आणि बटाट्यातून येतो.

आधी आकडा पक्का करा. ताप असताना, रात्री जागरण झाले असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना केलेली तपासणी चढी दाखवते. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालते, ‘फक्त अर्धा कप चहा’ चालत नाही. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर कमी. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, त्या एकाच आकड्यावर विसंबू नये.

‘मी तर सडपातळ आहे’ हे म्हणणे आपल्याकडे फार फसवे ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा. वजन जास्त असेल तर सहा महिन्यांत ५ ते ७ टक्के उतरवायचे, म्हणजे ७० किलोला साडेतीन ते पाच किलो. वजन बेतात असून पोट सुटलेले असेल तर उपासमार नको, स्नायू वाढवायचे.

आता ताट. तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी हे जेवण साधे दिसते, पण ते जवळजवळ सगळे पिष्टच (स्टार्च) आहे. चौघांच्या आमटीला मूठभर तूरडाळ लागते. माणशी प्रथिने येतात जेमतेम तीन-चार ग्रॅम. त्याऐवजी अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरा: मेथी, शेपू, चाकवत, दोडका, काकडी, मुळा. पाव ताटात घट्ट वरण, मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठले, अंडी किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात दोन फुलके, किंवा एक फुलका आणि अर्धी वाटी भात. खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी नंतर, भात शेवटी. चोथा आणि प्रथिने आधी पोटात गेली की अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखर एकदम उसळत नाही.

भाकरीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण एका मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे साधारण दोन फुलक्यांएवढे. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी खाल्ल्या तर पिष्ट वाढलेच. गूळ आणि मध हीसुद्धा साखरच. टोस्ट आणि खारी म्हणजे मैदा. चहाबरोबर त्यापेक्षा मूठभर फुटाणे घ्या. पोहे सोडायची गरज नाही: कोरडे पोहे माणशी अर्धी वाटी आणि त्यात तितकीच वाफवलेली मटकी किंवा मटार घाला.

अमृततुल्यचा चहा दिवसातून चारदा आणि दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसती पिण्यातून. ती एकदम तोडली की आठवड्यात परत येते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिनाभरात रुळते.

‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी नेमके हेरले होते. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही, आणि खिचडीत वर बटाटा. उपास करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, दही आणि एखादे पेरू घ्या.

चालण्यासाठी तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती हे सगळे आहेच, पण टेकडी उतरून मिसळपाव खाल्ला तर तासाभराची मेहनत तिथेच भरून निघते. आठवड्याला किमान १५० मिनिटे हवीत, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. त्याहून न चुकवण्यासारखी गोष्ट म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरची १५ मिनिटे. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातली साखर उचलतात. पावसाळ्यात सोसायटीचे पार्किंग किंवा घरातला पॅसेजही पुरतो. हिंजवडीहून घरी पोचायला नऊ वाजत असतील तर सहाच्या सुमारास ऑफिसातच उसळीचा डबा किंवा दोन उकडलेली अंडी खा. घरी भाजी, एक फुलका आणि ताक.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून उठबस १० वेळा, भिंतीवर दंड १० वेळा, चवड्यांवर उभे राहणे १५ वेळा, असे तीन फेरे. गुडघे दुखत असतील तर पर्वतीच्या पायऱ्या टाळा, त्रास उतरताना जास्त होतो. चढताना छातीत दाब आला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा चढू नका. झोप सात तास हवी. ती कमी पडली की भूक आणि साखर दोन्ही वाढतात.

एवढ्याने फरक पडतो का? चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली छापलेल्या भारतीय अभ्यासात काहीही न बदललेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणे बदललेल्यांत तो ३९ टक्क्यांना झाला. आहार-व्यायाम सांभाळूनही आकडा चढत असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी सुचवू शकतात. शेजाऱ्याची गोळी मात्र घेऊ नका.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. आकडा सुधारला तरी दर वर्षी तपासा. गरोदरपणात साखर वाढली असेल तर हे विशेष जपा. सारखी तहान, रात्री वारंवार लघवी किंवा कारण नसताना वजन उतरणे दिसले तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात रक्त द्या.