खुर्ची भिंतीपासून सहा फूट पुढे

२०२० च्या जूनमध्ये मी दहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ घरीच रेकॉर्ड करायला लागले. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधली दहा बाय दहा फुटांची खोली, मोबाइल, ट्रायपॉड आणि एक रिंगलाइट, म्हणजे गोल कड्यासारखा दिवा. शिकवण्याची चिंता नव्हती, पंधरा वर्षं फळ्यासमोर काढली होती. तरी पहिले चाळीस व्हिडिओ आजही मला उघडून बघवत नाहीत. मागे पांढरीफटक भिंत, तिच्यावर माझ्या डोक्याची काळी सावली, आणि मी मान हलवली की तीही हलायची. एका विद्यार्थिनीने फोन करून सांगितलं, "मॅडम, समजतं सगळं, पण तुमच्या मागे ते काळं हलतं ना, लक्ष तिकडंच जातं." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी मागची भिंत झाकायला लागले. आधी मेन रोडवरून राखाडी कापड आणलं. त्याच्या घड्यांच्या रेघा इस्त्री करूनही जाईनात. मग पुस्तकांच्या कपाटाचं चित्र छापलेला फ्लेक्स लावला, तर तो दिव्यासमोर चकाकायला लागला. मग हिरवा पडदा, ज्याच्या जागी नंतर हवं ते चित्र बसवता येतं. त्याने माझ्या कानांच्या कडा आणि कपाळावरचे पांढरे केस हिरवे केले. चिकटवायचा वॉलपेपर जुलैच्या ओलीत कोपऱ्यापासून सुटला. साडेसात हजार रुपये गेले आणि सावली होती तिथेच राहिली. ज्या ऑनलाइन कार्यशाळेला मी पैसे भरले होते, तिथे दोन दिवस फक्त खरेदीची यादी मिळाली. बसायचं कुठे, हे कुणी सांगितलं नाही.

सांगितलं ते त्याच मुलीच्या वडिलांनी. ते पंचवटीत लग्नाचे फोटो काढतात आणि त्या वर्षी हातात काम नव्हतं. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, तुम्ही भिंतीला टेकून बसता का?" मी भिंतीपासून जेमतेम फूटभर अंतरावर बसत होते.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. दहावीच्या पहिल्याच धड्यात आपण शिकवतो की गुरुत्वबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. दिव्याचा उजेडही तसाच कमी होतो, अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. माझा दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर होता आणि भिंत दिव्यापासून चार फुटांवर. म्हणजे चेहऱ्यावर १६ भाग उजेड, तर भिंतीवर ९ भाग. अर्ध्याहून जास्त उजेड भिंतीवर सांडत होता, म्हणून ती पांढरीफटक दिसायची, आणि तेवढ्या उजळ भिंतीवर सावली काळीकुट्ट उठायची. आता दिवा आणि खुर्ची दोन्ही पुढे घ्या, पाठीमागे सहा फूट सोडा. भिंत दिव्यापासून नऊ फुटांवर गेली. चेहऱ्याच्या तिप्पट अंतर, म्हणून चेहऱ्यावरच्या उजेडाचा नववा हिस्सा. खोलीतल्या इतर भिंतींवरून परतणारा उजेड धरला तर हा हिशेब काटेकोर उरत नाही, पण फरक पहिल्याच चाचणीत दिसतो. भिंत शांत होते, चेहरा पुढे येतो. दिवा समोरून काढून एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवला की उरलीसुरली सावली तिरकी पडून चौकटीबाहेर जाते.

माझ्याकडे एवढी जागाच नाही, असं म्हणाल. मीही म्हणाले होते. खोलीच्या कर्णावर बसा. दहा बाय दहाच्या खोलीचा कर्ण चौदा फूट भरतो. मागे कोपरा येतो, दोन भिंती जिथे मिळतात ती रेघ चित्राला खोलपणा देते. त्या कोपऱ्यात मी एक पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा ठेवते. माझ्या बॅकग्राउंडमध्ये विकत आणलेली वस्तू तेवढीच आहे. बाकी भिंतीला चकाकी नसलेला निळसर राखाडी रंग दिला आणि लाकडी फळीवर चार पुस्तकं व एक कुंडी ठेवली. भांडी बाजारातून हौसेने आणलेला तांब्याचा हंडा मात्र उचलावा लागला, कारण त्याच्या पोटात अख्खा रिंगलाइट दिसायचा. मुलांचे फोटो आणि सोसायटीच्या नावाचं कॅलेंडर मागे दिसू देऊ नका, यात हयगय नको.

मोबाइलमधून बॅकग्राउंड बदलून देणाऱ्या सोयीच्या नादी लागू नका. मी हातात बहिर्वक्र भिंग धरलं की त्याची कडाच गायब व्हायची. ज्याला हातात वस्तू धरून शिकवायचं आहे, त्याच्या हा आडमार्ग उपयोगाचा नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात खिडकीच्या भरवशावर राहू नका. ढग आला-गेला की मोबाइल स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि मागची भिंत श्वास घेतल्यासारखी दिसते. पडदा ओढा, दिव्यावर काम करा, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा. भिंतीवर आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिवा खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग आपल्या हाताने बदलता येतात, शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक जातात. रिकाम्या कोपऱ्यात आवाज घुमतो. कॅमेऱ्यामागे दोरीवर जाड गोधडी टाकली की माझं भागतं.

पहिले काही व्हिडिओ बिघडतीलच, त्याने खचू नका. मुलं शिकवणं ऐकायला येतात आणि चांगलं शिकवणाऱ्याला ती सांभाळून घेतात. पण चाळीस बिघडेपर्यंत थांबू नका. आज काही विकत घेण्याआधी मोजायची टेप काढा, खुर्ची सरकवा, फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या आणि ट्रायपॉडच्या खुणा रंगीत चिकटपट्टीने करा. दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर, ब्राइटनेस निम्मा करून बघा. माझी निम्मी मुलं तशाच मोबाइलवर बघतात.