सोंडेसकट बोटीवर: सीपॅप घेऊन क्रूझला जाताना

आमच्या घरात घोरणारी मी आहे. सीपॅप मशीनचा विषय निघाला की लोक आधी ह्यांच्याकडे बघतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून अडकण्याचा आजार, निघाला आणि तेव्हापासून हे मशीन माझ्या उशाशी आहे. झोपेत घसा मिटू नये म्हणून ते सतत हलक्या दाबाने हवा आत देत राहतं. काम एवढंच, पण त्यासाठी एक नळी, एक मास्क, हवा ओलसर करायला पाण्याची एक टाकी आणि एक वायर लागते. नळीला नातवाने 'सोंड' म्हणायला सुरुवात केली आणि आता सगळेच म्हणतात.

सोंडेसकट मी दोनदा बोटीवर राहिले. आधी मुंबईहून गोव्याला, दोन रात्री. नंतर सिॲटलहून अलास्काला, सात रात्री. पहिल्या वेळी जवळजवळ सगळं चुकलं, दुसऱ्या वेळी जवळजवळ काहीच नाही. मधल्या काळात माझी झोप किंवा माझं मशीन बदललं नव्हतं. बदललं ते इतकंच की वायर आणि पाणी या दोन गोष्टी मी घरून निघायच्या आधी, लेखी विचारून ठरवल्या.

मुंबईची गोष्ट आधी. बॅलार्ड पिअरला सामान स्कॅनरमधून गेलं आणि माझी बॅग बाजूला काढली. आत आमच्या हॉलमधला चार सॉकेटचा स्पाइक गार्ड होता. तो काढून घेतला, चिठ्ठी दिली, उतरताना परत मिळेल म्हणाले. मला वाटलं, उगाच कडक वागताहेत. केबिनमध्ये जाऊन बघते तर सॉकेट आरशाच्या टेबलापाशी, पलंग तिथून आठ-नऊ फूट लांब, आणि माझी वायर जेमतेम पाच फूट. शिवाय सॉकेट दोन गोल पिनांचं, माझा प्लग आपला तीन पिनांचा. हे म्हणाले, "पायाकडे डोकं करून झोप." तसं करूनही पुरेना. रिसेप्शनला फोन, मग परत फोन, मग ह्यांची एक फेरी. साडेअकराला बोटीची वायर आली, बाराला अडॅप्टर आला. पहिली रात्र अशी गेली, आणि दुसऱ्या दिवशी गोव्यात मी बसमध्ये घोरत होते म्हणे.

स्पाइक गार्ड का काढून घेतात ते मी घरी आल्यावर नीट वाचलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळे कळल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या घरात दोन तारांपैकी एक जिवंत असते आणि दुसरी न्यूट्रल, म्हणजे जमिनीशी जोडलेली. बोटीवर बहुतेक वेळा तसं नसतं. तिथे दोन्ही तारांत विजेचा दाब असू शकतो, कारण एखादी तार लोखंडी सांगाड्याला टेकली तरी वीज बंद पडू नये अशी रचना असते. स्पाइक गार्डमधलं संरक्षण घरच्या रचनेसाठी बनवलेलं. ते एकच तार तोडतं, दुसरी चालूच राहते, आतला भाग तापतो आणि आग लागू शकते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ साली याबद्दल इशारा काढला होता. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, तेव्हा त्यांचं बरोबर होतं आणि माझं चूक.

म्हणून आपल्या घरचा बोर्ड नेऊच नका. काही कंपन्या साधी, स्पाइक गार्ड नसलेली वायर चालवून घेतात, काही तीही घेत नाहीत, आणि नियम अधूनमधून बदलतात. त्यापेक्षा बोटीचीच वायर मागा. बुकिंग झालं की कंपनीच्या वेबसाइटवर अपंग आणि आजारी प्रवाशांसाठी वेगळा फॉर्म किंवा ईमेलचा पत्ता असतो. 'मी कुठे अपंग?' असं मनात येतं, माझ्याही आलं. ते बाजूला ठेवा आणि फॉर्म भरा. मी निघायच्या दोन महिने आधी चार ओळी लिहिल्या: बुकिंग नंबर अमुक, रात्री सीपॅप वापरते, पलंगापर्यंत पोचेल अशी वायर हवी, सात रात्रींचं डिस्टिल्ड वॉटर हवं, आणि केबिनमधली सॉकेट कोणत्या प्रकारची आहेत ते कळवा. उत्तर तीन दिवसांत आलं. त्याची छापील प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. फोनवर बोलून ठरवू नका. बोटीवर जो माणूस समोर उभा असतो त्याला तुमचा फोन माहीत नसतो, कागद मात्र वाचता येतो.

प्लगचा प्रश्न त्याहून सोपा निघाला. मशीनच्या काळ्या अडॅप्टरवर बारीक अक्षरं असतात, ती चष्मा लावून वाचा. माझ्या अडॅप्टरवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं आहे. तुमच्यावरही तसंच असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर आणि आपल्या २३० वर ते सारखंच चालतं. जड ट्रान्सफॉर्मर विकत घ्यायची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो. फक्त भिंतीतली पिन बदलायची असते. त्यासाठी ढिला होणारा स्वस्त पिन-अडॅप्टर लावण्यापेक्षा काळ्या अडॅप्टरपासून भिंतीपर्यंतची वायरच त्या देशाची घ्या. अमेरिकेतल्या मुलीकडे जुन्या प्रिंटरची वायर पडली होती, चपट्या पिनांची. ती माझ्या अडॅप्टरमध्ये चपखल बसली. काळा अडॅप्टर मात्र मशीनबरोबर आलेलाच वापरायचा, दुसऱ्या कशाचा नाही.

डॉक्टरांकडून इंग्रजीत एक चिठ्ठी घ्या: आजाराचं नाव, मशीनचं नाव, दाब किती. माझा ९ आहे. चुकून सेटिंग बिघडलं किंवा मशीनच बंद पडलं तर दुसऱ्याला सांगता येतं. प्रवासाचा विमा काढताना हा आजार लपवू नका.

विमानात मशीन कायम हातात ठेवायचं, पोटातल्या सामानात कधीच नाही. अमेरिकेतल्या विमान कंपन्या ते केबिन बॅगेत मोजत नाहीत, पण इतरांना आधी विचारून घ्या. टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची. एकदा नागपूरच्या गाडीत मी थोडं पाणी राहू दिलं होतं, बॅग आडवी झाली आणि पाणी मोटरकडे गेलं. दुरुस्तीला दिलेले पैसे अजून आठवतात. अमेरिकेत सुरक्षा तपासणीला मशीन बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, मास्क आणि नळी आत राहिली तरी चालते. त्या ट्रेमध्ये लोकांचे बूट असतात, म्हणून मी मशीन एका पारदर्शक स्वच्छ पिशवीत घालून ठेवते. कोणी लिथियमची बॅटरी नेत असेल तर तीही हातातच: १०० वॉट-अवर क्षमतेपर्यंत चालते, त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. बोटीवर बॅटरीची गरज मला पडली नाही.

विषय सोडून एक सांगते, कारण आमच्या ओळखीचं एक जोडपं यात अडकलं होतं. सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्या बहुतेक बोटी कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. परदेशी झेंड्याच्या बोटीने मध्ये एखादं परदेशी बंदर घेतलंच पाहिजे, असा अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे. आपल्या पासपोर्टवाल्यांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा. मशीनची तयारी करता करता हे राहून जाऊ नये.

आता पाणी. माझ्या टाकीत ३८० मि.ली. मावतं, रात्रीत साधारण अडीचशे-तीनशे जातं, म्हणजे सात रात्रींना दोन लिटरच्या आसपास. अमेरिकेत औषधाच्या किंवा किराणा दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा एक गॅलनचा कॅन मिळतो, पावणेचार लिटरचा. बोटीने देऊ म्हटलं होतं, तरी मुलीने एक कॅन घेऊन ठेवलाच, माझ्यावर गेलीय. आपल्याकडे पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी यात घालू नका. ते श्वासातून आत जाण्यासाठी बनवलेलं नसतं. मेडिकलमधून आणा. आणि पाणी मिळालंच नाही तर घाबरू नका. टाकीचा हीटर बंद करून टाकी कोरडी ठेवली तरी मशीन चालतं. सकाळी घसा खरखरतो, पण श्वास चालू राहतो, आणि मशीन आहे ते त्याचसाठी.

सिॲटलच्या धक्क्यावर, पिअर ९१ ला, मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या केबिनबाहेर येईपर्यंत संध्याकाळ होते, कधी रात्रही. म्हणून मशीन, मास्क, वायर, रात्रीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत माझ्या खांद्यावर. केबिन उघडली की आधी जेवायला पळायचं नाही. मला माहितीय तिथे काय काय मांडलेलं असतं. पण आधी मशीन मांडायचं, वायर लावायची, दोन मिनिटं चालवून बघायचं. दुपारी दोनला अडचण कळली तर सोडवायला माणसं असतात.

आमचा केबिनचा स्टुअर्ड मडगावकडचा निघाला. मी ह्यांच्याशी मराठीत कुरकुरत होते, तो दारातून म्हणाला, "मावशी, पलंगामागे हात घाला." उशाच्या फळीमागे एक सॉकेट होतंच! बऱ्याच बोटींवर पलंगामागे किंवा दिव्याखाली असं एखादं सॉकेट लपलेलं असतं, आणि ते कुठे आहे हे रोज झाडणाऱ्यालाच माहीत असतं. आमचं दिव्यासाठी अडकलेलं होतं, म्हणून शेवटी बोटीची वायरच लावली. त्याने ती भिंतीच्या कडेने नेली आणि बाथरूमच्या वाटेवर चिकटपट्टीने गालिच्यावर बसवली. रात्री अंधारात उठणाऱ्या साठीच्या माणसांसाठी ही पट्टी फार मोलाची. पट्टी नसेल तर मागून घ्या. पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपायचं हे घरच्या सवयीने ठरवू नका, वायर कुठे पोचते ते बघा. ह्यांची डावी बाजू चाळीस वर्षांनी बदलली, तक्रार दोनच दिवस टिकली.

सिॲटलहून निघालेल्या बोटी साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात बोट हलते. मशीन डोक्याच्या उंचीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीतलं पाणी नाकाकडे येणार नाही. टाकी खुणेपर्यंत न भरता अर्धी-पाऊण भरा. मशीनखाली मी फ्रीजच्या कप्प्यात घालतात ती रबरी जाळीची मॅट घातली होती, घरूनच कापून नेलेली. सगळे पेले इकडून तिकडे सरकले, मशीन जागचं हललं नाही.

बोट हलते त्या रात्रीबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगते. पोटात ढवळायला लागलं तर मास्क आधी काढा, विशेषतः नाक-तोंड दोन्ही झाकणारा असेल तर. मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासात जाऊ शकते. मी तासभर मास्क काढून, आलेपाकाची वडी चघळत उशांना टेकून बसले, शांत वाटल्यावर परत लावला. बोट लागू नये म्हणून घेतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि गुंगीत ॲप्निया वाढतो. कुठली चालेल ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रात्रीच्या दारूचंही तेच. ह्यांना नाही सांगत, मशीनवाल्यांना सांगतेय.

केबिनमध्ये एसी जोरात असला की नळीत गरम ओली हवा थंड होते आणि थेंब साचतात. मध्यरात्री नाकाशी गुडगुड ऐकू येते. तेव्हा नळी पांघरुणात घ्या, नाहीतर मशीनवरचा ओलाव्याचा आकडा एक-दोनने कमी करा. अलास्कात मला दोन्ही करावं लागलं.

मास्क रोज सकाळी साध्या साबणाने बेसिनमध्ये धुवायचा. नळी वाळवायला जागा कुठे, असा प्रश्न मला पडला होता. बाथरूममध्ये भिंतीतून ओढून काढायची एक दोरी असते, कपडे वाळवायची. सोंड तिच्यावर मजेत लटकायची. मास्कच्या मऊ कडेचा एक जादा तुकडा आणि एक नवा फिल्टर बरोबर ठेवा. बोटीवर दवाखाना असतो, पण तिथे तुमच्या मापाचा मास्क असेल असं धरून चालू नका. तिथल्या तपासणीचे पैसेही चांगलेच लागतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर काढून ठेवायला सांगतात, आणि तुम्ही झोपलेले असतानाच त्या नेतात. मशीन तर रात्रभर चालू, म्हणजे ते बॅगेत जाऊ शकत नाही. त्याची पिशवी मात्र उत्साहाच्या भरात मोठ्या बॅगेत कोंबली जाते, तसं करू नका. सकाळी टाकी ओतून पुसा, मास्क उशीत राहिला नाही ना बघा, वायर बोटीची असेल तर टेबलावर ठेवून या.

आमच्याकडे कॅनमध्ये लिटरभर पाणी उरलं. मुलीने ते वाफेच्या इस्त्रीत घातलं.